सतरा हृदयांची राजकन्या

अँडरसनच्या 1837 सालच्या जलपरीने प्रेमापायी आपला आवाज गमावला. परंतु अलेक्झांड्रा क्रिस्टो या ब्रिटिश लेखिकेच्या ‘टू किल अ किंगडम’ (2018) या कुमारांसाठीच्या अद्भुतरम्य कादंबरीतील लीरा, सागरराणीची ही कन्या, मोहक गायनाने राजपुत्रांना भुलवून, दर वर्षास एक याप्रमाणे मिळवलेली सतरा हृदये शयनगृहातील वाळूत पुरून ठेवते. मातेच्या मर्जीतून उतरताच तिला शिक्षा मिळते ती मानवदेहाची, आणि पूर्वरूप हवे असल्यास एलियन या राजपुत्राचे हृदय गाण्यावाचून हस्तगत करावे, अशी शर्त पडते. हा एलियन सिंहासनापेक्षा ‘साद’ या आपल्या जहाजावर रमणारा, आणि मित्राच्या हत्येचा सूड उगवण्यासाठी जिला समुद्रभर धुंडाळतो, तिलाच अजाणता पाण्यातून वर ओढून घेणारा! प्रकरणे आळीपाळीने दोघांच्या मुखातून येत असल्याने, एकाच्या खलबताची दुसऱ्याला नसलेली खबर वाचकाला आधीच असते; आणि संशय, कुरघोडी, थट्टा यांतून मंदगतीने फुलणारा अनुराग त्यामुळेच विश्वसनीय वाटतो. अखेरचा संग्राम लेखिकेने काहीसा घाईने उरकला आहे, हे कबूल. तरी जहाजावरील त्या मधल्या प्रकरणांसाठी कादंबरी अवश्य वाचावी.