फीत गेली, फाइल आली

लग्नाची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली की ती ‘डिजिटल झाली’ असे आपण म्हणतो. पण चित्रण डिजिटल होणे आणि फीत नाहीशी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यात सुमारे दहा वर्षांचे अंतर आहे.

जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये जपानात व्हीएचएस आणली. तिच्या अर्धा इंच रुंद फितीवर चुंबकीय लेप असतो. वेगाने फिरणाऱ्या ड्रमवरचे हेड त्या लेपावर चित्राच्या लहरी तिरप्या रेघांत उमटवते. लहरींची नक्कल कधीच हुबेहूब होत नाही. म्हणून कॅसेटवरून कॅसेट केली, की रंग विटतात आणि कडा पुसट होतात.

१९९५ मध्ये डीव्ही कॅमेरे आले. लहरींच्या जागी अंक आले आणि नक्कल मुळाबरहुकूम होऊ लागली. फीत मात्र राहिलीच, फक्त पाव इंचाची झाली. तासाभराचे चित्रण उतरवायला तासच लागे. २००४ मध्ये जेव्हीसीचे ‘एव्हरिओ’ कॅमेरे छोट्या हार्ड डिस्कवर चित्रण करू लागले. पुढे मेमरी कार्ड रुळले आणि घरगुती चित्रण म्हणजे फाइल झाली.

खरा बदल इथे झाला. भरलेली कॅसेट हीच मूळ प्रत असे आणि ती कपाटात पडून का होईना, टिके. कार्ड रिकामे करून पुन्हा वापरतात, त्यामुळे ‘मूळ प्रत’ ही वस्तूच उरत नाही. फीत हळूहळू खराब होते. मुंग्या आल्या तरी चेहरे ओळखू येतात. फाइल मात्र एका डिस्कबरोबर एका क्षणात जाते.

तरीही कॅसेटींना फार वेळ उरलेला नाही. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. म्हणजे फीत शाबूत असली, तरी ती दाखवणारे यंत्र दुर्मिळ होत चालले आहे. आपल्या दमट हवेत बुरशीही धरते. बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये. ती हेडला आणि तिथून दुसऱ्या कॅसेटींना लागते. जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात आणि कॅसेटही टाकू नये.

आणखी एक काम कोणतेही यंत्र करणार नाही. पंगतीत बसलेली माणसे कोण, हे सांगणारे घरात आहेत तोवर त्यांच्यासोबत चित्रण पाहून नावे लिहून ठेवावीत.