कुलूप भारी, कोयंडा बिचारा

घरफोडीच्या बातमीतलं एक वाक्य आपल्याला एव्हाना पाठ झालंय. बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला. पुढे लॅपटॉप, मोबाइल, रोख रकमेची यादी. या वाक्यात कुलपाचं नावसुद्धा नाही, हे कधी लक्षात आलंय? सिनेमातला चोर हेअरपिन घालून, कान लावून कुलूप उघडतो. खऱ्या चोराकडे तेवढा वेळ नसतो. तो पहार घालतो आणि कोयंडा लाकडातून उपटून काढतो. आपलं महागडं कुलूप तसंच शाबूत, बंद, कोयंड्यासकट खाली पडलेलं.

कॉलेजं सुरू होताना चार-पाच जणांनी मिळून फ्लॅट घ्यायचा, हे आता पुण्यापासून नाशिकपर्यंत सगळीकडे चालतं. बघायला गेल्यावर आपण पाण्याची वेळ विचारतो, वायफायची रेंज बघतो, डिपॉझिटवरून घासाघीस करतो. दरवाजाकडे बघत कोणीच नाही. आणि आत काय असणार? चार लॅपटॉप, त्यातल्या एकावर बॅकअप न घेतलेला फायनल इयरचा प्रोजेक्ट आणि कपाटात प्रत्येकाची ओरिजिनल मार्कशीटची फाइल. लॅपटॉप हप्त्यावर परत येईल. डुप्लिकेट मार्कशीटसाठी मात्र बोर्डात खेटे घालावे लागतात.

म्हणून कुलपाच्या दुकानात जायच्या आधी पाच मिनिटं दरवाजापाशी उभं राहा. बाहेरची सरकती कडी, जिला हार्डवेअरवाले अल्ड्रॉप म्हणतात, ती हाताने हलवून बघा. डुगडुगते का? कुलूप लावल्यावरही तिचे स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर चोराला पहारही नको, साधा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. चांगल्या बसवलेल्या कडीला दरवाजातून आरपार गेलेले बोल्ट असतात, त्यांचे नट आतून आवळलेले. चौकटीवर जी पट्टी असते, जिच्यात लॅचची जीभ जाते, तिचे स्क्रूही बघा. बहुतेक ठिकाणी ते अर्ध्या-पाऊण इंचाचे असतात, लाथ बसली की पट्टीसकट बाहेर. सुतार बोलावून तिथे दोन-अडीच इंची स्क्रू मारून घेतले, तर तेवढ्या पैशांत त्याहून उपयोगी काही होत नाही. चौकटच वाळवीने पोखरलेली असेल तर बाकी सगळं व्यर्थ. आधी मालकांना ती दाखवा.

सेफ्टी डोअर असेल तर छानच, पण त्याच्या जाळीतून हात घालून आतली कडी निघते का, ते स्वतः करून बघा. निघते, पुष्कळदा निघते.

आता कुलूप. लटकतं कुलूप घेणार असाल तर त्याची वरची दांडी जाड, कडक पोलादाची हवी आणि कोयंड्यात ती घट्ट बसायला हवी. जितकी फट जास्त, तितकी पहारीला जागा जास्त. कुलपावर ६ लिव्हर, ७ लिव्हर असं लिहिलेलं असतं. लिव्हर म्हणजे आतल्या पट्ट्या. किल्लीने त्या सगळ्या एकाच वेळी नेमक्या उंचीवर उचलल्या, तरच कुलूप उघडतं. पट्ट्या जास्त, तर दुसऱ्याच्या किल्लीने उघडण्याची शक्यता कमी. आपल्याकडे ही कुलपं घराघरांत पोचवण्यात मोठा वाटा अर्देशीर गोदरेज यांचा. त्यांनी वकिली सोडली आणि १८९७मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला घेतली. पण लटकत्या कुलपाची एक अडचण कोणताही ब्रँड सोडवू शकत नाही. ते लांबूनच सांगतं की घरात कोणी नाही. दिवाळीत सगळा फ्लॅट गावाला गेला की ही जाहिरात आठवडाभर चालते.

दरवाजात बसवलेल्या लॅचचं तसं नाही. आत माणूस आहे की नाही, बाहेरून कळत नाही. मात्र लॅचच्या बाबतीत आपण सगळेच एक आळस करतो. दार नुसतं ओढून घेतलं की खट् आवाज येतो आणि आपण निघतो. त्या वेळी लागलेली असते फक्त स्प्रिंगवरची तिरकी जीभ. दारात फट असेल तर ती प्लॅस्टिकच्या कडक तुकड्यानेही मागे सरकू शकते. बाहेरून किल्ली एक-दोनदा फिरवली की चौकोनी, भरीव बोल्ट चौकटीत शिरतो आणि तो असा ढकलता येत नाही. चहाला खाली जाताना नसेल फिरवायची तर नका फिरवू, पण गावाला जाताना? (आणि हो, दार ओढण्याआधी किल्ली खिशात आहे का ते चाचपा.)

बऱ्याच लॅचमध्ये किल्ली जिथे जाते तो सिलिंडर वेगळा काढता येतो. त्यात लहान-मोठ्या पिना असतात आणि किल्लीचे दाते त्यांना एका रेषेत आणतात. अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनिअर यांनी १८६०च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. तत्त्व मात्र प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतलंच आहे. आपल्या कामाची गोष्ट अशी, की अशा लॅचमध्ये अख्खं कुलूप न बदलता फक्त सिलिंडर बदलता येतो. दाराच्या कडेचा एक स्क्रू काढला की तो बाहेर येतो. त्याची लांबी मोजून तेवढाच नवा आणायचा.

तो बदलायचा कशाला? कारण तुमच्या आधी त्या फ्लॅटमध्ये राहून गेलेल्या तीन बॅचेसकडे त्या कुलपाच्या किल्ल्या असू शकतात. शिवाय ब्रोकरकडे, मालकांकडे, जुन्या पोळ्यावाल्या मावशींकडे. साधी किल्ली कोपऱ्यावरचा चावीवाला दहा मिनिटांत बनवून देतो. चपट्या बाजूवर खड्डे असलेल्या, दुकानदार ज्यांना कॉम्प्युटर की म्हणतात, त्या किल्ल्यांची नक्कल तितकी सहज होत नाही. नव्या फ्लॅटच्या किल्लीचा फोटो स्टोरीवर टाकायचा मोहही आवरा. २००८मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी लांबच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोवरून किल्लीचे दाते ओळखून दाखवले होते. अर्थात आपल्याकडे एवढी उठाठेव कोण करेल? किल्ली शू-रॅकमधल्या बुटात नाहीतर मीटरच्या पेटीत असते, हे अख्ख्या मजल्याला माहीत असतं.

चोरीपेक्षाही मला जास्त भीती वाटते ती एका वेगळ्याच सवयीची. किल्ली एकच, माणसं चार. सकाळच्या लेक्चरला जाणारा बाहेरून कुलूप घालून जातो आणि आत एक जण झोपलेला असतो. शॉर्टसर्किट झालं, गॅस सुटला तर तो बाहेर कसा येणार? म्हणून प्रत्येकाकडे किल्ली हवीच, आणि लॅच असा हवा की आतून किल्लीशिवाय, नुसती मूठ फिरवून उघडेल. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारा सिलिंडर दुकानदार जास्त सेफ म्हणून दाखवतो. घेऊ नका. धुरात किल्ली शोधत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

डिजिटल लॉकचं काय? शेअरिंगच्या फ्लॅटसाठी ते सोयीचं आहे, यात वाद नाही. कोणी फ्लॅट सोडला की पिन बदलायचा, विषय संपला. घेताना सेल उतरल्यावर बाहेरून कसं उघडायचं, हे विचारून घ्या. आणीबाणीची किल्ली किंवा बाहेरून पॉवर द्यायची सोय हवीच. आणि ती आणीबाणीची किल्ली फ्लॅटच्या आत ठेवू नका. पण ते बसवायला दाराला भोकं पाडावी लागतात, आणि मूळ दारच पोकळ असेल तर त्यावर एवढा खर्च करणं म्हणजे मोडक्या सायकलला अलॉय व्हील.

राहता राहिले मालक. न विचारता काही बदललंत तर डिपॉझिट परत घेताना वाद ठरलेला. अॅग्रीमेंटच्या आधीच बोला: ‘काका, लॅचचा सिलिंडर आमच्या खर्चाने बदलला तर चालेल का? जुना जपून ठेवतो, सोडताना परत बसवून देतो.’ हो म्हणाले तर तेच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. मग तो जुना सिलिंडर त्याच्या किल्ल्यांसकट पिशवीत घालून, वर फ्लॅट नंबर लिहून, मार्कशीटच्या फाइलशेजारी ठेवून द्या.