ग्रेहाउंडची डर्बी आणि आपला कारवानी

सटाणे व आसपासच्या बागलाणांत गावठाण सोडून मळ्यांत वस्ती करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. कांद्याची चाळ, डाळिंबाची बाग व गोठा यांच्या राखणीस अशा वस्तीवर एखादा कुत्रा असतोच. बैल घेताना आपण त्याचे दात, खूर, खांदा पाहतो. गाय घेताना तिच्या आईचे दूध विचारतो. कुत्र्याविषयी मात्र असा प्रश्न सहसा कोणी करीत नाही. वंशाच्या निवडीने या प्राण्याचे किती भले आणि किती बुरे होते, हे ग्रेहाउंडच्या शर्यतींवरून स्पष्ट दिसते. म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहों.

ग्रेहाउंड हा लांब तोंडाचा, खोल छातीचा व आत ओढलेल्या पोटाचा शिकारी कुत्रा होय. तो वासावर नव्हे, नजरेवर धावतो. भरधाव असता त्याचा वेग ताशी 65 किलोमीटरच्या घरांत जातो. पूर्वी इंग्लंडात जिवंत सशामागे कुत्र्यांची जोडी सोडून परीक्षा घेत. पुढे अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ या गृहस्थाने यंत्राने पळणारा खोटा ससा प्रचारांत आणला. 1926 च्या जुलैंत मँचेस्टर येथे त्यामागे शर्यत झाली आणि दुसऱ्याच वर्षी लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर पहिली डर्बी भरली.

या डर्बीचा सर्वांत नामांकित वीर म्हणजे आयर्लंडांत 1926 साली जन्मलेला मिक द मिलर. पिल्लूपणी डिस्टेंपरच्या रोगाने तो मरणाच्या दारी गेला होता. 1929 च्या अंतिम फेरींत कुत्र्यांची टक्कर झाली. पॅलॅटिनस पुढे निघून गेला, पण पंचांनी ती फेरी रद्द ठरविली. पुन्हा धाव झाली तींत मिक जिंकला. 1930 सालीही तोच जिंकला. 1931 साली तर त्याने तिसऱ्यांदा पहिला येऊन दाखविले. परंतु रायलँड आर नावाचा प्रतिस्पर्धी वाटेंत दुसऱ्या कुत्र्याशी भांडल्यामुळे तीही फेरी रद्द झाली. रायलँडला वगळून फेरशर्यत झाली, तेव्हा थकलेला मिक चौथा आला व सेल्डम लेड विजयी ठरला.

असे कुत्रे दैवयोगाने निपजत नाहीत. आई, बाप व त्यांच्या धावा लिहून ठेवून पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचे ते फळ आहे. पण निवड केवळ वेगाची व पैजेची झाली की तिची दुसरी बाजूही दिसू लागते. एक विजेता निघावा म्हणून अनेक पिल्ले जन्मास घालतात. वळणावर पाय मोडतात. धावण्याची उमेद दोन-चार वर्षांत सरते आणि मग त्या प्राण्यास धनी उरत नाही. याच कारणास्तव अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत 2018 साली मतदारांनी या शर्यती बंद करण्याचा कौल दिला, व 2020 अखेर त्या थांबल्या.

आता आपल्याकडे पाहू. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक येथील कारवानी, म्हणजेच मुधोळ कुत्रा, हा ग्रेहाउंडसारखाच नजरेवर धावणारा आहे. मुधोळचे अधिपति मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली व तिची जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांस भेट दिली. 2005 साली टपाल खात्याने तिचे तिकीट काढले, आणि 2016 साली मीरतच्या लष्करी केंद्राने ती शिक्षणास घेतली. या जातीस आज खरा धोका संकराचा आहे. पश्चिम महाराष्ट्रांत जत्रांतून होणाऱ्या श्वानशर्यतींत वेग वाढावा म्हणून ग्रेहाउंडचे रक्त मिसळतात, व तीच पिल्ले पुढे कारवानी म्हणून विकली जातात. अशी एक पिढी मिसळली की मूळ गुण परत मिळविणे फार कठीण होते.

यास्तव आमच्या चार सूचना आहेत. पिल्लू घेण्यापूर्वी आई व बाप दोन्ही डोळ्यांनी पाहावेत. ज्यांजवळ जातिवंत जोडी असेल त्यांनी जन्मतारीख, रंग, उंची व आईबाप यांची नोंद एका वहींत ठेवावी. मादी पुरी वाढल्याखेरीज तिला नर दाखवू नये. मिकला ज्या डिस्टेंपरने गाठले त्यावर आता लस आहे. ती पिल्लास सहा ते आठ आठवड्यांपासून, व रेबीजची लस तीन महिन्यांनी पशुवैद्याकडून टोचून घ्यावी आणि पुढे वेळच्या वेळी पुन्हा द्यावी. शेवटची गोष्ट, सशामागे कुत्रा सोडणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. धावण्याची हौस बांधावर, आपल्याच शेतांत फेडावी.

जी काळजी आपण खिल्लार किंवा डांगी वळूच्या बाबतींत घेतों, तिचा चौथा हिस्सा जरी वस्तीवरच्या या राखणदारास मिळाला, तरी आपल्या देशची ही जात शुद्ध स्वरूपांत पुढच्या पिढीच्या हाती देता येईल.