जुनी वेगवान मोटार : आठवण आणि वस्तुस्थिति

दुरून डोंगर साजरे दिसतात, हा अनुभव जसा अंतराच्या बाबतींत येतो तसाच तो काळाच्या बाबतींतहि येतो. लहानपणीं ज्या वाड्याचें अंगण मैदानाएवढें वाटत असे, तें मोठेपणीं पुन्हां पाहिलें म्हणजे दहा पावलांत संपतें. अंगण लहान झालेलें नसतें. पाहणारा मोठा झालेला असतो. अंगणाच्या बाबतींत असें घडलें तर थोडेंसें हसूं येतें आणि प्रकरण तेथेंच मिटतें. परंतु एखाद्या जुन्या, वेगवान मोटारीच्या बाबतींत असें घडलें, आणि तेंहि आयुष्याच्या शिलकेंतून पैसे मोजून झाल्यावर घडलें, तर केवळ हसण्यावर भागत नाहीं.

समजा, इंग्लंडांतील एक गृहस्थ आहे. १९६८ सालीं तो बारा वर्षांचा होता. त्याच्या गल्लीच्या तोंडाशीं लांबलचक नाकाची एक लाल मोटार उभी असे, आणि ती सुरू होतांना होणारा आवाज ऐकण्यासाठीं तो रोज सकाळीं दाराशीं थांबे. पुढें नोकरी, संसार आणि मुलांचीं शिक्षणें यांत पन्नास वर्षें निघून गेलीं. आतां तो निवृत्त झाला आहे, एकरकमी पैसा हातीं आला आहे, आणि तशीच एक लाल मोटार विक्रीस आहे. त्यानें ती घ्यावी कीं न घ्यावी? हा प्रश्न अनेक देशांत अनेक गृहस्थांस पडतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं, आपण नक्की काय विकत घेत आहों, याचा विचार झाला पाहिजे.

ती मोटार म्हणजे जग्वार कंपनीची ई-टाइप. जग्वार हें नांव मुंबई-पुण्याच्या वाचकांस परकें नाहीं. २००८ सालीं टाटा मोटर्सनें ती कंपनी फोर्डकडून विकत घेतली. ई-टाइप मात्र त्याच्या पुष्कळ आधींची. मार्च १९६१ मध्यें स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा येथील प्रदर्शनांत ती प्रथम जगापुढें आली. पाहुण्यांस बसवून फेऱ्या मारण्यासाठीं तेथें एक मोटार अपुरी पडूं लागली, तेव्हां कंपनीचा परीक्षक चालक नॉर्मन ड्यूइस यानें दुसरी मोटार कॉव्हेंट्रीहून रातोरात चालवीत जिनीव्हास आणली. तिचा आकार माल्कम सेयर यानें आंखला होता. सेयर पूर्वीं विमानांच्या कारखान्यांत काम केलेला गृहस्थ. वाऱ्याचा अडथळा कमी कसा करावा, हें गणितानें काढणारा. फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत याच कंपनीच्या डी-टाइप मोटारींनीं १९५५, १९५६ आणि १९५७ अशीं ओळीनें तीन वर्षें जिंकली होती. तो सारा अनुभव या नव्या मोटारींत उतरला. सहा सिलिंडरांचें ३.८ लिटरचें एंजिन, तीन कार्ब्युरेटर, कंपनीच्या हिशेबानें २६५ अश्वशक्ति, चारहि चाकांना डिस्क ब्रेक. आणि किंमत करांसह सुमारें २,१०० पौंड. इतक्या वेगाच्या दुसऱ्या मोटारी त्या वेळीं जवळजवळ दुप्पट किंमतीस पडत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें १९९६ सालीं ही मोटार आपल्या संग्रहांत घेतली. म्हणजे त्या मुलाची पसंती खोटी नव्हती, हें प्रथम मान्य केलें पाहिजे.

मग चूक कोठें होते? ती मोजमापांत होते. त्या काळीं इंग्रज मध्यमवर्गीय कुटुंबाची मॉरिस मायनर फार तर ताशीं १२० किलोमीटरच्या आसपास धांवे. तिच्या शेजारीं ताशीं १५० मैल, म्हणजे सुमारें २४० किलोमीटर, वेगाची ग्वाही देणारी मोटार परलोकांतून आल्यासारखी वाटावी यांत नवल नाहीं. वास्तविक तो १५० मैलांचा आंकडाहि वृत्तपत्रांच्या परीक्षेसाठीं विशेष काळजीनें तयार केलेल्या मोटारीनें गांठलेला होता. सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारी त्याच्या कांहींशा अलीकडेच थांबत. उभी मोटार ताशीं ६० मैलांचा वेग सुमारें सात सेकंदांत घेई. आज पुष्कळशा घरगुती विजेच्या मोटारी तेवढ्याच वेळांत, आणि कांहीं त्याहूनहि लवकर, तो वेग घेतात. आणि त्याहि आवाज न करतां. रस्तेहि बदलले. १९६१ सालीं इंग्लंडच्या नव्या मोठ्या मार्गांवर वेगाची मर्यादा नव्हती. डिसेंबर १९६५ पासून तेथें ताशीं ७० मैलांची मर्यादा आली आणि ती आजहि आहे. मोटारीचा वेग कमी झाला नाहीं. ज्या गजानें तो मोजला होता तो गज मात्र बदलला.

स्मृतीचा दुसरा दोष असा कीं ती गैरसोयी विसरते. त्या मुलानें ती मोटार बाहेरून पाहिली होती. आंत बसून गर्दींतून चालविली नव्हती. पहिल्या ई-टाइप मोटारींतील आसनें पातळ होतीं. पहिला गिअर टाकण्यास मोटार जवळजवळ थांबवावी लागे, नाहीं तर दांतांचा कर्कश आवाज होई. ब्रेकवर भक्कम पाय द्यावा लागे. तळ सपाट असल्यामुळें उंच माणसाचे पाय अवघडत. म्हणून १९६२ च्या आरंभीं पाय ठेवण्याच्या जागा खोलगट करण्यांत आल्या. १९६४ सालीं ४.२ लिटरचें एंजिन आलें, आणि त्याबरोबर नवी गिअरपेटी, चांगलीं आसनें व सुधारलेले ब्रेक आले. म्हणजे कारखान्यानेंच आपले दोष ओळखून ते दुरुस्त केले. पण बाजाराची गंमत अशी कीं, आज सर्वांत पहिल्या, सपाट तळाच्या मोटारींनाच अधिक किंमत येते! बाजार सोय विकत नाहीं. तो दुर्मिळता विकतो. ज्यास मोटार चालवावयाची आहे आणि ज्यास ती जपून ठेवावयाची आहे, त्या दोघांची खरेदी एकच असूं शकत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती डोळ्यांस दिसत नाहीं. ई-टाइपचा मधला भाग पोलादी पत्र्यांच्या पेट्या एकमेकींस सांधून केलेला असतो; त्याच्या पुढें नळ्यांचा सांगाडा बोल्टांनीं जोडलेला असतो आणि एंजिन त्यावर बसतें. मोटारीचा सारा भार याच पत्र्यांवर असतो. दारांखालच्या पोकळ पेट्यांत आणि तळाच्या घड्यांत पाणी शिरतें व सांचून राहतें. त्यांत इंग्लंडच्या हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर टाकलेलें मीठ मिसळलें म्हणजे गंज आंतून बाहेर खात येतो. बाहेरचा रंग चकचकीत असतो आणि आंतला पत्रा पापडासारखा झालेला असतो. आपल्याकडे मुंबईच्या किनाऱ्यावर ज्यांच्या खिडक्यांचे लोखंडी गज गंजतात त्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. म्हणून खरेदीपूर्वीं मोटार उचलून खालून पाहावी. दार आणि चौकट यांमधील फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे कीं नाहीं तें पाहावें. ती तिरकी असेल तर मधला भाग खचला असण्याचा संभव असतो. पत्र्यावर लहानसें लोहचुंबक फिरवावें; जेथें तें धरत नाहीं तेथें रंगाखालीं पत्रा नसून लांबी भरलेली असूं शकते.

दुरुस्तीचाहि विचार आधींच व्हावा. या मोटारीचा क्लच बदलावयाचा तर एंजिन आणि गिअरपेटी दोन्ही बाहेर काढावीं लागतात. मागचे ब्रेक चाकांजवळ नसून मध्यें, डिफरन्शियलला लागून बसविलेले आहेत. शर्यतीच्या दृष्टीनें ती योजना उत्तम, पण हात घालण्याच्या दृष्टीनें कष्टाची. सुटा भाग स्वस्त असला तरी त्याच्यापर्यंत पोंचण्याची मजुरी महाग पडते. स्वस्तांत मिळालेली वाईट मोटार महाग दिसणाऱ्या चांगल्या मोटारीपेक्षां शेवटीं अधिक खर्चाची ठरते, असा जाणकारांचा अनुभव आहे. कारण गंजलेली मोटार मुळापासून पुन्हां उभी करण्याचा खर्च तिच्या विक्रीच्या किंमतीहूनहि वर जाऊं शकतो.

इंधनाचा प्रश्न नवा आहे. सप्टेंबर २०२१ पासून इंग्लंडांतील नेहमीच्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. भारतांत तें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलें आहे. जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्यांस आणि वेष्टनांस इथेनॉल मानवत नाहीं; तीं मऊ पडतात किंवा तडकतात. तापलेल्या एंजिनावर पेट्रोल ठिबकूं लागलें म्हणजे काय होईल हें सांगावयास नको. या नळ्या बदलण्याचा खर्च फारसा नसतो. त्या न बदलण्याचा मात्र सर्वस्वाइतका होऊं शकतो.

सरकारी कागदावरहि सारा भरंवसा ठेवूं नये. इंग्लंडांत मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षां जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या मोटारींस वार्षिक तपासणीची सक्ति राहिलेली नाहीं. म्हणजे विक्रीस असलेली मोटार कित्येक वर्षांत कोणीहि तपासलेली नसूं शकते. सक्ति नसली तरी ती तपासणी स्वखुषीनें करून घेण्यास कोणाची हरकत नाहीं, आणि विकणारा त्यास नकार देत असेल तर तो नकारच पुरेसें उत्तर समजावें. एंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक मूळचा आहे कीं नाहीं, तेंहि पडताळतां येतें. जग्वारच्या ऐतिहासिक दप्तराची व्यवस्था पाहणारी संस्था तसा दाखला देते. भारतांत २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांतील मोटारींची स्वतंत्र नोंदणी होते, परंतु तशी नोंद झालेली मोटार नित्याच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं.

शेवटीं जिवाचा प्रश्न. मूळच्या ई-टाइपमध्यें टक्कर होतांच फुगणाऱ्या पिशव्या नाहींत. ओल्या रस्त्यावर चाकें अडकून घसरूं नयेत म्हणून ब्रेक क्षणोक्षणीं सैल करणारी यंत्रणा नाहीं. आसनाचे पट्टेहि सर्रास बसविलेले नसत. ते बसवून घेतां येतात व घ्यावेतच. परंतु त्यामुळें १९६१ ची मोटार आजची होत नाहीं. शेजारच्या आसनावर नातवास बसवितांना आजोबांनीं स्वतःच्या आठवणींचा नव्हे, तर त्या मुलाच्या पुढील आयुष्याचा विचार केला पाहिजे.

मग त्या गृहस्थानें मोटार घेऊंच नये काय? असें मुळींच नाहीं. त्या लांब बॉनेटवरून दिसणारा रस्ता, एंजिनाचा गंभीर नाद आणि हातांस थेट जाणवणारी चाकांची हालचाल या गोष्टी काल्पनिक नाहींत. आजच्या नि:शब्द मोटारींत त्या मिळतहि नाहींत. त्यानें एवढेंच करावें कीं, एकच मोटार पाहून निश्चय करूं नये. तीन-चार मोटारी स्वतः चालवून पाहाव्या, आणि त्याहि मोकळ्या रस्त्याप्रमाणेंच गर्दींतूनहि. खरेदीच्या रकमेखेरीज दुरुस्तीसाठीं वेगळी रक्कम बाजूस काढावी, आणि ती निघत नसेल तर खरेदीचा विचार सोडून द्यावा; म्हातारपणाच्या औषधपाण्याच्या पैशांनीं आठवणी विकत घेऊं नयेत. आणि मोटार पाहावयास जातांना सोबत असा एक जाणकार न्यावा, कीं ज्याच्या मनांत त्या मोटारीची कोणतीहि आठवण नाहीं.

तो जाणकार मोटारीखालीं शिरून पत्रा तपासीत असतां त्या गृहस्थास बारा वर्षांचा मुलगा होऊन तिचा आवाज ऐकत उभें राहण्यास कांहींच प्रत्यवाय नाहीं. सही मात्र त्यानें जाणकार बाहेर येऊन हात पुसून झाल्यावर करावी.