‘परवाना रद्द’ म्हणजे नक्की काय रद्द?

मागच्या सुट्टीत जोह्याला घरी गेले होते. शेजारचा एमएस्सीचा एक मुलगा वही घेऊन आला. ‘पेट’ झाली होती, आता मुलाखतीसाठी विषय हवा होता. म्हणाला, “ताई, आगीनंतर बारचे किती परवाने रद्द झाले ते पेपरांतून मोजायचं आणि त्याने सुरक्षितता वाढली का ते बघायचं.”

विषय चांगला होता. मी एवढंच विचारलं, “रद्द कुणी केलं? कोणत्या कलमाखाली?” तो गप्प. तुम्हीही गप्प झाला असाल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आधी घटना

29 डिसेंबर 2017. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात, गच्चीवरच्या दोन शेजारशेजारच्या रेस्टॉरंट-पबना मध्यरात्रीनंतर आग लागली. 14 माणसं गेली. त्यातली बरीचशी जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरली आणि तिथेच गुदमरली. हुक्क्याच्या निखाऱ्यांतून ठिणगी पडली, असा अग्निशमन दलाच्या तपासाचा निष्कर्ष होता. लगेच पालिकेची पथकं निघाली, शहरात शेकडो ठिकाणी बेकायदा बांधकामांवर हातोडा पडला. प्रकरण जनहित याचिकेतून उच्च न्यायालयातही गेलं.

डिसेंबर 2025 मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली. 25 मृत्यू, आणि त्यातले बहुतेक तिथले कर्मचारी. बांधकाम पाडण्याची नोटीस पंचायतीने आधी दिली होती, पण वरून तिला स्थगिती मिळाली, असं सरपंचांनी तेव्हा सांगितलं. ‘नोटीस दिली’ आणि ‘बंद केलं’ यांत किती अंतर असतं, ते इथे दिसतं.

एक शब्द, पाच कारवाया

अशा घटनेनंतर बातमीत ‘परवाना रद्द’, ‘टाळं’, ‘दणका’ असे शब्द येतात. महाराष्ट्रात त्यांच्यामागे किमान पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात.

1. पालिका किंवा नगरपरिषद बेकायदा बांधकाम पाडते किंवा जागा सील करते. यात दारूच्या परवान्याला हातही लागलेला नसतो.

2. अग्निशमन यंत्रणा 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली नोटीस देते. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत देण्याची जबाबदारी या कायद्याने मालक किंवा भोगवटादारावर टाकली आहे.

3. जिल्हाधिकारी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 142 खाली सार्वजनिक शांततेसाठी दुकान ठरावीक काळ बंद ठेवतात. परवाना जिवंतच राहतो.

4. कलम 54 खाली परवाना निलंबित किंवा रद्द होतो. कारणं कलमातच दिली आहेत: शुल्क थकवणं, अटींचा भंग, ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा, फसवून परवाना मिळवणं वगैरे. याची नुकसानभरपाई मिळत नाही.

5. कलम 56 खाली ‘इतर कोणत्याही कारणासाठी’ परवाना रद्द होतो, किमान 15 दिवसांची नोटीस देऊन किंवा तात्काळ. इथे उरलेल्या मुदतीचं शुल्क परत द्यावं लागतं.

आता चौथा आणि पाचवा मुद्दा शेजारी ठेवून वाचा. ‘बाहेर पडायचा दुसरा रस्ता नव्हता’ असं कारण कलम 54 मध्ये वेगळं लिहिलेलं नाही. म्हणजे सुरक्षेची चूक दारूच्या परवान्यापर्यंत पोहोचवायची, तर ती परवान्याच्या अटीचा भंग आहे हे दाखवावं लागतं, नाहीतर कलम 56 चा रस्ता धरावा लागतो. दारूचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, आगीचं प्रमाणपत्र अग्निशमनाकडे, बांधकाम पालिकेकडे. एका टेबलावरची चूक दुसऱ्या टेबलावर आपोआप जात नाही.

आमच्याकडच्या गणपतीच्या कारखान्याचंच बघा. काथ्या, रंग, वर ताडपत्री. धोका एकाच शेडमध्ये असतो, पण वीज जोडणी एकाची, बांधकाम दुसऱ्याचं, आग तिसऱ्याची. धोक्याला खाती माहीत नसतात.

दुसरीकडे कसं असतं?

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 चा लायसन्सिंग कायदा आहे. परवान्याची चार उद्दिष्टं कायद्यातच लिहिली आहेत आणि त्यात ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे एक आहे. त्यामुळे पोलीस, अग्निशमन दल किंवा साधा शेजारीही स्थानिक कौन्सिलकडे परवान्याचा फेरविचार मागू शकतो. सुनावणीनंतर पायऱ्या ठरलेल्या: अटी बदलणं, व्यवस्थापक हटवणं, जास्तीत जास्त तीन महिने निलंबन, आणि शेवटी रद्द.

तिथेही रद्द म्हणजे कायमचं नसतं. लंडनच्या फॅब्रिक क्लबचा परवाना अमली पदार्थांमुळे झालेल्या दोन तरुणांच्या मृत्यूनंतर सप्टेंबर 2016 मध्ये रद्द झाला. क्लबने अपील केलं, नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली आणि कडक अटींवर तो पुन्हा उघडला. फक्त सप्टेंबरची बातमी मोजली असती तर आपण ‘क्लब संपला’ असं लिहिलं असतं.

आपल्याकडेही जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर आयुक्तांकडे अपील होतं, पुढे शासनाकडे दाद मागता येते. घाईत चुकीच्या कलमाखाली काढलेला किंवा म्हणणं ऐकून न घेता काढलेला आदेश वर टिकत नाही. मग जागा पुन्हा उघडते, कधीकधी त्याच एका दरवाजासह.

मग संशोधन कसं करायचं?

पहिलं: बातमी मोजू नका, आदेश मोजा. एक आदेश म्हणजे तक्त्यातली एक ओळ. रायगडपुरतं काम असेल तर अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालय आणि उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे माहिती अधिकारात अर्ज करा. अर्जात ‘लायसन्स’सोबत ‘अनुज्ञप्ती’ हा शब्दही लिहा, कारण कागदोपत्री तोच चालतो.

दुसरं: रकाने आधी ठरवा. कोणी आदेश दिला, कोणतं कलम, निलंबन की रद्द, किती दिवस, लिहिलेलं कारण, अपिलाचा निकाल. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: पहिली तक्रार किंवा नोटीस कधीची?

तिसरं: आगीनंतर तपासण्या वाढतात, म्हणून सापडणाऱ्या चुकाही वाढतात. त्यावरून चुका वाढल्या असं म्हणता येत नाही. किती जागा तपासल्या हा आकडा नसेल तर टक्केवारी काढूच नका.

चौथं: फक्त आग लागलेल्या जागा घेऊ नका. बारचे परवाने सहसा 31 मार्चपर्यंतचे असतात, दरवर्षी नूतनीकरण होतं. खरा फेरविचार तिथे व्हायला हवा. तेव्हा फाइलमध्ये आगीचं चालू प्रमाणपत्र होतं का, हे बघा. आग न लागलेल्या जागांचंही बघा.

त्या मुलाचा प्रश्न आम्ही शेवटी असा लिहिला: ‘सुरक्षेतील त्रुटीची पहिली लेखी नोंद आणि परवान्यावरची पहिली टिकलेली कारवाई, यांत किती दिवस जातात?’ ‘टिकलेली’ म्हणजे अपिलानंतरही उभी राहिलेली, हेही खाली लिहून ठेवलं.

तो जरा हिरमुसला. “ताई, एवढे आदेश मिळतील का?” कदाचित तीसच मिळतील. चालेल. नीट वाचलेले तीस आदेश तीनशे कात्रणांपेक्षा जास्त सांगतात. आणि तुमच्या तक्त्यातला तो दिवसांचा रकाना कोरडा वाटला, तर एवढं लक्षात ठेवा: तेवढे दिवस तिथे रोज रात्री कुणीतरी ग्लास विसळत असतं, आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता नाही हे त्याला माहीत असतं.