गाडीची नाडी : भाग ११ – पंप बदलण्याआधी

नवा पंप बसवून आठवडा होत नाही, तोच स्टेअरिंग वळवताना घुंऽऽ असा आवाज पुन्हा सुरू होतो. व्हॅनमालक गॅरेजवाल्यावर चिडतो, गॅरेजवाला दुकानदारावर, आणि दुकानदार ‘फिटिंग नीट झालं नसेल’ म्हणून हात झटकतो. बऱ्याचदा नव्या पंपात काही खोट नसते. जुना काढला तोही कदाचित धडधाकट होता. खोट होती ती त्यात जाणाऱ्या तेलाची, किंवा तेलासोबत शिरणाऱ्या हवेची.

गेल्या आठवड्यात किंगपिन, बॉल जॉइंट आणि टाय रॉड पाहिले. आज त्यांना बळ पुरवणारी हायड्रॉलिक यंत्रणा. ज्यांची जुनी ओम्नी आहे त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल, कारण तिला पॉवर स्टेअरिंग नव्हतंच. सतरा सीटर ट्रॅव्हलर, शाळेची मोठी व्हॅन, मालाचा छोटा टेम्पो चालवणाऱ्यांनी मात्र थांबावं.

ही कल्पना तशी जुनी. ट्रक बनवणाऱ्या पिअर्स-अ‍ॅरो कंपनीत काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ साली असं स्टेअरिंग गाडीवर चालवून दाखवलं होतं. विक्रीच्या मोटारीत ते यायला १९५१ उजाडलं. ती गाडी क्रायस्लर इम्पीरियल. मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप टाकीतून तेल ओढतो आणि जाड प्रेशर होजमधून स्टेअरिंग बॉक्सकडे किंवा रॅककडे पाठवतो. तिथे टॉर्शन बार नावाची एक बारीक पोलादी कांडी असते. तुम्ही स्टेअरिंगला जोर लावला की ती किंचित पिळते, तेवढ्या पिळाने व्हॉल्व्हची एक बाजू उघडते आणि तेल पिस्टनला त्या बाजूला ढकलतं. सरळ रस्त्यावर पीळच नसतो, त्यामुळे तेल नुसतं फिरून टाकीत परत येतं. गाडी जागेवर उभी ठेवून फुल लॉक मारला की हाच दाब सत्तर-ऐंशी बारच्या वर जातो, म्हणजे व्हॅनच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ वीसपट. म्हणून फुल लॉकला स्टेअरिंग दाबून धरू नये. पाच सेकंदांच्या वर तर नाहीच. तेल तापतं आणि पंप रडतो.

आता तपासणी. गिऱ्हाईक ‘पॉवर गेली’ म्हणतं, पण त्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र झालेल्या असतात. स्टेअरिंग जड झालंय की आवाज करतंय, हे आधी वेगळं करा.

जड असेल तर सगळ्यात आधी टायरची हवा. हसू नका, कमी हवेवर चालणाऱ्या गाड्या रोज दिसतात. मग इंजिन बंद करून पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आतलं तेल हाताने ढकलावं लागत असल्यामुळे थोडा एकसारखा जडपणा राहणारच. पण मध्येच अडकल्यासारखं झालं किंवा कचकच लागली, तर दोष हायड्रॉलिकमध्ये नाही. किंगपिन सुकलेत, नाहीतर चिखल उडून कॉलमच्या खालचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलाय. तिथे पंप बदलून काय होणार?

गाडी उचलल्यावर हलकी, जमिनीवर जड, आणि रेस दिली की पुन्हा हलकी? मग बेल्ट, कमी ठेवलेली आयडलिंग किंवा खरोखरच थकलेला पंप. बेल्ट घसरत असेल तर फुल लॉकला चीं करून ओरडतो. अंगठ्याने दाबून साधारण दहा मिलिमीटर दबतो का बघा, आणि हात लावताना त्याच्या आतल्या बाजूला तेलाची ओल आहे का तेही बघा. वरून इंजिन ऑइल ठिबकत असेल तर नवा बेल्टही महिन्यात चकाकायला लागेल. काही मिस्त्री घसरणीवर उपाय म्हणून बेल्ट तारेसारखा ताणतात. मला ही सवय अजिबात आवडत नाही. त्यात पंपाचं बेअरिंग जातं.

एकाच बाजूला जड असेल तर पंपाला निर्दोष सोडा. दोन्ही बाजूंना तेल पुरवणारा पंप एकच असतो, तो डावं-उजवं करत नाही. दोष बॉक्समधल्या व्हॉल्व्हमध्ये किंवा सीलमध्ये शोधायचा.

आता आवाज. बहुतेक पंप इथेच फुकट बळी जातात. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. तेल दुधाळ गुलाबी दिसत असेल, वर फेस असेल, तर हवा आत चालली आहे. ती कुठून? टाकी आणि पंप यांच्यामधला आखूड होज ही ओढीची बाजू. इंजिन चालू असताना तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे क्लिप सैल झाली किंवा इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होऊन चिरलं, तरी तेल बाहेर येईलच असं नाही. होज उलट हवा आत ओढतो. गाडीखाली थेंब दिसत नाही. मेकॅनिक खाली वाकून बघतो आणि सांगतो, ‘लिकेज नाही शेठ, पंपच गेलाय.’ खात्री करायची साधी युक्ती आहे. फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, तेलात भिजवलेली चिंधी त्या जोडावर गुंडाळा. आवाज बदलला किंवा थांबला, तर चोर सापडला. होज, दोन क्लिपा आणि पंपाच्या तोंडाची ओ-रिंग, एवढ्यात काम होतं. तिथे काही मिळालं नाही तर टाकीतली जाळी बघा. ती गाळाने तुंबली तरी पंप असाच कण्हतो. हे सगळं तसंच ठेवून नवा पंप लावला की फेसाळ तेल त्याला वंगण देत नाही. आतल्या पात्या घासतात, त्यांचा चुरा तेलात फिरतो आणि बॉक्सचे सील खातो.

दाबाच्या बाजूची गळती शोधताना बोट कधीच फिरवू नका. बारीक छिद्रातून सुटलेली धार कातडीत घुसते. वरून सुई टोचल्यासारखं दिसतं, पण आत तेल पसरतं आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. रॅक असलेल्या गाडीत टोकाचे रबरी बूट चिमटीत दाबून बघा; आत तेल खळखळलं तर रॅकचा सील गेला.

एवढं करूनही शंका उरली तरच प्रेशर गेज. ते पंप आणि बॉक्स यांच्यामध्ये लावून त्याचा व्हॉल्व्ह क्षणभर बंद करायचा. इथेही पाच सेकंदांची मर्यादा. दाब कंपनीच्या आकड्याइतका चढला तर पंप ठीक. मग व्हॉल्व्ह उघडून फुल लॉक मारा. आता तेवढा चढत नसेल तर बॉक्स आतल्या आत गळतोय.

घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना एकच सांगणं. पंप इंजिनावर फिरतो. इंजिन थांबलं की भरलेली व्हॅन वळणावर निव्वळ हाताच्या जोरावर वळवावी लागते, आणि तेवढ्यातच ब्रेकही कडक झालेला असतो.

काम झाल्यावर तेल झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलंय तेच भरा, बहुधा लाल एटीएफ. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील फुगतात. जुनं तेल रिटर्न होजमधून बाटलीत काढून टाका. मग चाकं उचललेली ठेवून, इंजिन बंद असतानाच, स्टेअरिंग दहा-पंधरा वेळा सावकाश या टोकापासून त्या टोकाला न्या आणि टाकी रिकामी होऊ देऊ नका. त्यानंतर इंजिन चालू करून पुन्हा तेच. शेवटी टाकीतल्या पातळीवर नजर ठेवून इंजिन बंद करा. पातळी एकदम वर चढली तर हवा अजून आत आहे, पुन्हा फिरवा. जवळजवळ जागच्या जागी राहिली तर गाडी खाली घ्या.

(पुढच्या आठवड्यात : तेल नसलेलं, विजेवर चालणारं स्टेअरिंग)