गप्पी मासा हौदात ठेवा, नदीत नको!

पावसाळा लागला की यावल तालुक्यात गावोगाव एकच तक्रार ऐकू येते. "भाऊसाहेब, डास लई झाले, धूर मारा!" धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मात्र तशाच राहतात. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात आणि पुन्हा तीच रड. या अळ्यांवरचा स्वस्त इलाज म्हणजे गप्पी मासा. आरोग्य विभाग राज्यभर तो साचलेल्या पाण्यात सोडत आला आहे.

अंडी नव्हे, पिलं!

रोहू, कटला पाण्यात अंडी घालतात. गप्पी मात्र जिवंत पिलं देतो. कोकण किनाऱ्यावरची मुशीही अशीच पिलं देते. गप्पीची अंडी मादीच्या पोटातच वाढतात. सुमारे चार आठवड्यांनी वीस-तीस पिलं बाहेर पडतात आणि लगेच पोहू लागतात. दोन-तीन महिन्यांत तीही वयात येतात. एकदा संग झाला की मादी नराचं बीज कित्येक महिने पोटात राखते आणि नर नसतानाही पुन्हा पुन्हा विते. म्हणजे एका गाभण मादीवर हौद भरतो.

हा मासा मूळचा त्रिनिदाद बेट आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांनी १८६६ मध्ये त्याचे नमुने लंडनला धाडले, त्यावरून हे नाव पडलं. गोडं, मचूळ, गढूळ असं कुठलंही पाणी त्याला चालतं.

कुठे सोडावा?

गुरांचा हाळ, बांधकामाचा हौद, पडीक विहीर, सांडपाण्याचं कायम साचणारं डबकं या त्याच्या जागा. टीसीएल टाकलेल्या पाण्यात तो मरतो. केळीवर औषध मारून झाल्यावर फवारणीचा पंपही हाळाजवळ धुऊ नये. भूक लागली की मोठे गप्पी स्वतःचीच पिलं खातात, म्हणून पाण्यात थोडं शेवाळ असू द्यावं. रांजण, कूलर यांना मात्र मासा नको. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून ते घासून पुसून घ्यावेत.

कुठे नको?

मोर, सुकी या नद्या सातपुड्यातून उतरून तापीला मिळतात. त्यांत गप्पी गेला, तर परत काढता येणार नाही. तो देशी माशांची अंडी-पिलं खातो, त्यांचं खाद्यही पळवतो. १९२८ साली डासांसाठीच इटलीतून आणलेल्या गंबुशिया माशाचाही हाच दोष आहे. जो गुण हौदात कामाचा, तोच नदीत घातक.

म्हणून ग्रामपंचायतीने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने जागा ठरवाव्यात. ओढ्यालगतची, पुरात वाहून जाणारी डबकी बुजवावीत. हौदाच्या सांडव्याला बारीक जाळी लावावी. मासा सोडला म्हणजे काम संपलं असं नाही. महिन्याभराने जाऊन मासे जगले का, अळ्या उरल्या का, हे पाहिलं तरच गावाचा ताप टळेल.